जोडणी आणि प्रवेश यांत गल्लत नको

संपादक महोदय,

‘सोयूझ तीन तासांत स्थानकात’ अशा मथळ्याच्या बातम्या वारंवार येतात. तीन तासांत सोयूझ हे रशियन यान आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला जोडले जाते, माणसे आत जात नाहीत. १४ ऑक्टोबर २०२० रोजी कझाकस्तानातल्या बैकानूर तळावरून निघालेले सोयूझ एमएस-१७ तीन तास तीन मिनिटांत स्थानकाला जोडले गेले. दारे उघडायला त्यानंतर आणखी दोन तासांहून अधिक वेळ लागला. बातमीतून गळतो तो नेमका हाच वेळ.

सोयूझच्या नाकावर दांडा असतो आणि स्थानकावर नरसाळे. यान सेकंदाला जेमतेम दहा-पंधरा सेंटिमीटर वेगाने येते आणि दांड्याचे टोक नरसाळ्याच्या तळाशी अडकते. एवढ्यावर जोड पक्का होत नाही. मग दांडा हळूहळू आत ओढला जातो, दोन्हीकडच्या कड्या भिडतात आणि कडेचे आकडे आवळले जातात. त्यानंतर दोन दारांमधल्या जागेतला दाब टिकतो का, ते पाहायचे. हवा गरम-गार झाली तरी दाब हलतो, म्हणून काटा पाहून लगेच निर्वाळा देता येत नाही. कुकरच्या रिंगवर भाताचे एक शीत चिकटले तरी वाफ सुटते. इथे तर बाहेर निर्वात पोकळी आहे.

हे शीत खरोखर अडकलेले आहे. एप्रिल १९८७ मध्ये ‘क्वांत’ हा विभाग ‘मीर’ या सोव्हिएत अंतराळ स्थानकाला टेकला, पण जोड घट्ट बसेना. ११ एप्रिलला अंतराळवीर रोमानेन्को आणि लावेइकिन बाहेर पडले, तेव्हा मध्ये कचऱ्याची पिशवी सापडली! नोव्हेंबर २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय स्थानकावर ‘प्रोग्रेस एम१-७’ या मालवाहू यानाचे तेच झाले. आधीच्या प्रोग्रेसची रबरी कडी तिथेच राहिली होती. ती काढायला ३ डिसेंबरला देझुरोव आणि त्युरिन यांना बाहेर जावे लागले.

हवेच्या बाबतीत रशियन इतके काटेकोर का, याचे उत्तर ३० जून १९७१ मध्ये आहे. सोयूझ-११ परतताना एक झडप अवेळी उघडली आणि दोब्रोवोल्स्की, वोल्कोव, पात्सायेव हे तिघे गुदमरून गेले. त्यांच्या अंगावर दाबपोशाख, म्हणजे यानातली हवा गेली तरी आत दाब टिकवणारे पोशाख, नव्हते. राकेश शर्मा १९८४ मध्ये ‘सल्यूत-७’ या सोव्हिएत स्थानकावर गेले, तोवर ते सक्तीचे झाले होते.

म्हणून विनंती एवढीच, की बातमीत जोडणीची वेळ आणि दार उघडण्याची वेळ वेगवेगळी द्यावी. दोन्ही वेळा जाहीर होतात.

— एक वाचक, पुणे