शिणाण्यांचं प्रायमर

चि. सानिका,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला २००७चा ‘सायन्स’मधला पेपर वाचला, शिणाण्यांकडून (खडकाला चिकटून राहणारे शिंपले) शिकून डोपामाईनचा थर चढवण्याचा. गणित सोडून दिलं, पण मुद्दा कळला. पावडर कोटिंगच्या सेव्हन टँकवर, म्हणजे रंगाआधी धातू तयार करायच्या सात टाक्यांवर, ज्याचं पोट चालतं, त्याला असलं काही पटकन पचत नाही. डीग्रीसिंग, पाणी, ॲसिड, पाणी, फॉस्फेटिंग वगैरे सगळं झाल्याशिवाय आम्ही जॉब पावडर मारायच्या बूथमध्ये नेत नाही. तेलकट बोट लागलं तरी पावडर सोलून निघते. आणि पेपर लिहिणारी मेसरस्मिथ, ली ही मंडळी म्हणतात, नुसतं द्रावणात बुडवा, टेफ्लॉनवरही बसेल!

शिणाणे साफ करताना आई जो काळपट तंतूंचा झुपका चिमटीत धरून उपटते, त्यातच सगळं आहे. शिणाणं पाय बाहेर काढून ओल्या खडकावर दाबतं, पायाच्या खाचेत प्रथिनं सोडतं, आणि काही मिनिटांत टोकाला चकती असलेला तंतू तयार. त्या चकतीतल्या प्रथिनांत डोपा भरपूर, शेजारी लायसिन (दोन्ही अमिनो आम्लं, प्रथिनांचे घटक). लायसिन खडकाला चिकटलेले क्षार बाजूला सारतं, मग डोपा पकड घेतं. समुद्र काही पुसून घ्यावा लागत नाही! डोपामाईनच्या एका लहानशा रेणूत डोपासारखा आणि लायसिनसारखा असे दोन्ही हात आहेत, हे ओळखलं ही त्या लोकांची खरी हुशारी.

कृती तर चहाइतकी सोपी: लिटरला २ ग्रॅम डोपामाईन, पीएच ८.५, बाकी काम हवेतला ऑक्सिजन करतो.

पण एक सांगतो, याला रंग समजू नकोस. आपला कोट ६०-८० मायक्रॉनचा. हा डोपामाईनचा थर २४ तासांत जेमतेम ५० नॅनोमीटर, म्हणजे हजारपटीहून पातळ. शिवाय तपकिरी-काळा. गेट-ग्रिलवाल्याला याचा उपयोग शून्य. हे प्रायमर आहे, पुढच्या थराखालचा पहिला हात. यावर चांदीच्या क्षाराचं द्रावण घातलं की चांदी आपोआप धरते, हवं ते प्रथिन बांधता येतं. म्हणून कॅथेटर, इम्प्लांट, पाणी गाळायचे पडदे ही त्याची जागा. तू कॅथेटर निवडलंस ते बरं केलंस.

द्रावण दर वेळी ताजं कर, ढवळत ठेव. काळे कण तरंगायला लागले की ते पृष्ठभागावर बसून खोटी जाडी दाखवतील, नीट धुऊन मगच मोज. आणि गाईडना दाखवण्याआधी क्रॉस-कट मारून (ब्लेडने जाळीसारख्या चिरा पाडून) टेप ओढून बघ. टेप इथून कुरिअरने पाठवतोय, स्टेशनरीवाली वापरू नकोस.

तुझे,
बाबा