यादी लागेपर्यंत झोपायचं कुठं?

महोदय,

बारावीचा निकाल लागला की आपल्या अंकात डोंगरातल्या गुणवंत मुलांचे फोटो येतात. पेढा भरवणारे आईबाप, मागे कुडाचं घर. वाचून बरं वाटतं. त्या मुलांचं जुलै ते सप्टेंबर काय होतं, हे मात्र छापून येत नाही. म्हणून हे पत्र.

माझं गाव आंबेगाव तालुक्यातल्या आहुपे खोऱ्यात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. मी भोसरीत कंपनीत कामाला आहे. पुतणी आश्रमशाळेतून बारावी झाली आणि तिला पुण्यात बीएस्सीला प्रवेश मिळाला. कॉलेज जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरू झालं. आदिवासी मुलींच्या वसतिगृहाचा फॉर्म तिने जूनमध्येच भरला होता. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, बोनाफाईड, सगळं जोडलेलं. गावात रेंज नाही, त्यामुळे दोन खेपा तर फॉर्म सबमिट झाला का एवढं बघायलाच घोडेगावला झाल्या. यादी लागली गणपती उठल्यावर.

मधले सव्वादोन महिने ती आमच्याकडे होती. खोली दहा बाय बारा, माणसं आधीच चार. गॅसच्या टाकीकडे पाय करून ती ओट्याखाली झोपायची. मी थर्ड शिफ्ट करून सकाळी सातला घरी यायचो, तेव्हा तिने अंथरूण उचललेलं असायचं. त्याच जागेवर मी आडवा व्हायचो. सव्वादोन महिन्यांत तिने बॅग रिकामी केली नाही. लागेल तेवढं काढायची आणि पुन्हा चेन लावायची. "नाना, यादी लागली का?" हे विचारणंही तिने नंतर सोडून दिलं.

तिला निदान चुलत्याचं घर तरी होतं. त्याच वाडीतल्या एका मुलाचं शहरात कुणीच नव्हतं. पंधरा दिवस मित्राच्या रूमवर काढून तो भाताच्या आवणीला म्हणून घरी गेला तो परत आलाच नाही. आता नारायणगावच्या टोमॅटो मार्केटात क्रेट भरतो. कॉलेजच्या कागदावर तो बहुधा 'गैरहजर' असेल.

सरकार काहीच करत नाही, असं मी म्हणणार नाही. मुलींच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी 2024 मध्ये माफ झाली, चांगलंच झालं. पण आमच्या पोरांचं घोडं फीपाशी अडत नाही, शिष्यवृत्ती असतेच. ते अडतं जेवणाखाण्यापाशी आणि निजण्यापाशी. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवणाचे पैसे खात्यात देणारी 'स्वयम्' योजना आहे. 2016-17 मध्ये ती आली तेव्हा पुण्यासाठी वर्षाला 60,000 रुपये ठरले होते. पण आधी यादी लागणार, तीत नाव नाही हे कळणार, मग अर्ज, मग हप्ता. आमच्याकडच्या एकाला पहिला हप्ता परीक्षा झाल्यावर मिळाला. घरमालक आणि मेसवाला तोवर थांबतात का?

घरून पैसे यावेत तर घरी नगद पैसा येतो तो बाळहिरड्याचा, म्हणजे हिरड्याच्या झाडाच्या कोवळ्या फळांचा. उन्हाळ्यात गोळा करायचा, खडकावर वाळवायचा, व्यापारी देईल त्या भावाने घालायचा. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात दादाची निम्मी झाडं मोडली. भात तर घरी खायलाच पुरत नाही.

आम्ही शिकलो तेव्हा वसतिगृहात खाणावळ असायची. डाळ पातळ होती, पण ताट समोर यायचं. 2018 मध्ये ताटाऐवजी खात्यात पैसे द्यायचं ठरलं, तेव्हा त्याविरोधात पोरं पुण्याहून नाशिकच्या आदिवासी आयुक्तालयाकडे चालत निघाली होती. शहरातल्या अनेकांना तो हट्ट वाटला. महिनाअखेरीला खातं रिकामं असलं की काय होतं, हे त्यांना कुठून माहीत असणार?

मागणी फार मोठी नाही. कॉलेजचा प्रवेश पक्का होईल त्याच आठवड्यात वसतिगृहाची यादी लावा. जमत नसेल, तर फॉर्म भरलेल्या मुलांना यादी लागेपर्यंत वसतिगृहाच्या हॉलमध्ये सतरंजीवर झोपू द्या. आमची पोरं सतरंजीला नाक मुरडत नाहीत.

धाकटा पुतण्या यंदा बारावीला आहे. वहिनीने मागच्या रविवारी टेकडावर चढून, रेंज धरून फोन केला. अभ्यासाचं काही बोलली नाही. "भावजी, जुलैमध्ये तुमच्याकडं जागा होईल ना?" एवढंच विचारलं.

आपला,
एक वाचक, भोसरी
(मूळ गाव आहुपे खोरे, ता. आंबेगाव, जि. पुणे)