रात्रपाळी रात्री बाराला संपत नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: रात्रपाळीची कामं भलत्याच माणसाच्या नावावर जाणे आणि तक्रार न सोडवताच बंद करणे

तुमच्या प्रतिनिधीचा फोन आत्ताच ठेवलाय, त्यामुळे नमस्कार-चमत्कार राहू देत.

आमचा रत्नागिरीत मासळी प्रक्रियेचा कारखाना आहे. रात्रपाळी दहा ते सहा. या पाळीला लावलेली कामं तुमचं पाळ्या आणि कामं वाटायचं अ‍ॅप बाराच्या ठोक्याला 'मुदत उलटली' म्हणून लाल करतं आणि दुसऱ्या दिवशीच्या रोस्टरमधल्या पहिल्या नावावर ढकलतं. कोल्ड स्टोरेजचं तीन वाजताचं तापमान घ्यायची सूचना सकाळी सहाला येणाऱ्या माणसाच्या घरी, उशाशी वाजते. आणि जो उणे १८ च्या दारात मोबाइल धरून उभा आहे, त्याला दिसतं 'आज काही काम नाही, मजा करा!' वर फुगे.

तो बिचारा तापमान बघतो आणि कागदावर लिहितो. सकाळचा येतो तो लाल यादी घालवायला रात्रीच्या सगळ्या कामांवर एकदम टिक मारतो. आमचा माल निर्यातीचा आहे. ऑडिटवाल्यांना रिपोर्ट दाखवला की रात्रभराची तापमानं सकाळी सहाला, एकाच मिनिटात, घरून आलेल्या माणसाने घेतलेली दिसतात. खोटी नोंद आम्ही करत नाही, तुमचं सॉफ्टवेअर करून देतं.

आता आजचा फोन. सगळं ऐकून घेऊन तुमचे प्रतिनिधी म्हणाले, "सर, रात्रपाळी बारापासून सुरू केली तर?" मी सांगितलं, मिरकरवाड्याला बोटी लागतात, माल संध्याकाळनंतर आमच्याकडे येतो, कोळंबी बर्फात घालून बाराची वाट बघत बसता येत नाही. त्यावर, "मग बोटींची वेळ ॲडजस्ट होईल का?" मी गप्प. बहुतेक त्यांना वाटलं मी विचार करतोय. पुढचा तोडगा आला, दहा ते बारा आणि बारा ते सहा अशा दोन पाळ्या करा. म्हणजे एका माणसाच्या दोन हजेऱ्या, दोन तारखांना. पगाराचं काय? "ते पेरोल टीमला विचारा सर." आणि शेवटी, लहान मुलाला समजावतात त्या सुरात: "पण सर, दिवस तर बारालाच बदलतो ना?"

नाही बदलत. पाळी मध्यरात्र ओलांडत असेल तर बारानंतरचे तास आदल्या दिवसात धरायचे, हे १९४८ च्या कारखाना अधिनियमात कलम ५७ मध्ये लिहून ठेवलं होतं. तुमचं अ‍ॅप त्यानंतरचं आहे असा माझा समज होता.

फोन ठेवतो न ठेवतो तोच मेसेज: 'तुमची समस्या सुटली आहे. किती तारे द्याल?' रात्री तीनला देईन म्हणतो, सकाळवाल्याच्या नावावर जमा होतील.

पाळ्यांच्या अदलाबदलीचंही तेच. गणपतीत अर्धा कारखाना गावी जातो. तुमच्याकडे अदलाबदल मंजूर होते, रोस्टरवर नाव बदलतं, काम मात्र गावी आरती म्हणत असलेल्या माणसाकडेच राहतं. ही तक्रारही जुनीच आहे आणि तीही 'सुटलेली' आहे.

विकायला आलेल्या तुमच्या माणसाने 'चोवीस तास चालणाऱ्या कारखान्यांसाठीच बनवलंय' असं सांगितलं होतं, म्हणून वर्षाचे पैसे आगाऊ भरले. तेव्हा काम पाळीला जोडा, तारखेला नको. पाळी संपेपर्यंत ते त्याच पाळीच्या हजर माणसाकडे राहू दे. टिक कोणी आणि किती वाजता मारली ते रिपोर्टमध्ये खरं दिसू दे. बस. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेवढ्यात करून द्या. १ ऑगस्टला बोटी बाहेर पडतील तेव्हाही रात्रपाळी बारालाच मरत असेल, तर उरलेल्या वर्गणीचे पैसे परत हवेत. आम्ही पुन्हा फळा टांगू. मिरजोळे एमआयडीसीतले दोघेतिघे तुमच्या अ‍ॅपबद्दल विचारत होते, त्यांनाही फळाच दाखवू.

बंद केलेली तक्रार आधी उघडा. उत्तर लेखी हवं, आणि ज्याने आयुष्यात एकदा तरी रात्रपाळी केली आहे अशा माणसाकडून.

उत्पादन व्यवस्थापक,
रत्नागिरी

सोबत: फुग्यांचा स्क्रीनशॉट, त्याच रात्रीच्या कागदी नोंदीची प्रत