जंगलातल्या कॉटेजमध्ये स्पीकर नकोच

संपादक महोदय,

स. न. गेल्या शनिवारी आम्ही पाचजण गोव्यातल्या नेत्रावळीला जंगलात चालायला गेलो होतो, मडगावहून सकाळी निघालो, सांगे करून पुढे गेलो आणि एका घराजवळ गाडी लावून गावातल्या काकांबरोबर कुळागरांच्या, म्हणजे माडा-पोफळीच्या बागांच्या, कडेकडेने चढायला लागलो. नेत्रावळी अभयारण्य २११ चौरस किलोमीटरचं आहे, १९९९ साली जाहीर झालं, पण आपले बरेचसे गोंयकार बुडबुड्यांची तळी बघतात आणि परत फिरतात. वरचं रान काय आहे ते काकांमुळे कळलं. दर दहा मिनिटांनी थांबवायचे, हे बघा गव्याचे खूर, ताजे आहेत, हे वारूळ अस्वलाने उकरलंय, वर बघा शेकरू. पाच-सहा तास चाललो पण पाय दुखतायत हे कोणाच्या लक्षातच आलं नाही.

मुक्काम जंगलाला लागून असलेल्या एका कॉटेजमध्ये होता. दोन खोल्या, मधे एकच ओसरी, बाथरूम एकच. एक खोली आमची, दुसरीत दुसरा ग्रुप, हे बुकिंग करतानाच माहीत होतं आणि त्याबद्दल काही तक्रार नाही, उलट अशा ठिकाणी अनोळखी लोकांशी गप्पा होतात ते मला आवडतं.

पण ते लोक काळोख पडताना आले ते हा एवढा मोठा स्पीकर घेऊन. आठला गाणी सुरू झाली ती रात्री दीड वाजेपर्यंत. आम्ही दोनदा जाऊन सांगितलं, तर म्हणे आम्ही पण पैसे भरलेत. काका ओसरीवर झोपायचे, ते उठून बाहेर जाऊन बसले, काही बोलले नाहीत. कसे बोलणार, येणाऱ्या पाहुण्यांवर त्यांचं घर चालतं. पहाटे खालच्या व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, गवे पाणी प्यायला येतात म्हणून ते आम्हाला साडेपाचला घेऊन गेले, तासभर बसलो, एक पण आला नाही.

परत आलो तर अंगणात बाटल्या, चिप्सची पाकिटं, आणि सुक्या पाल्यात अर्धवट विझलेली शेकोटी, अजून धूर येत होता. ते बघून मी खरंच घाबरले. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आगी लागल्या होत्या, सत्तरीचे डोंगर कसे जळत होते ते आपण सगळ्यांनी पाहिलंय ना?

रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर लावायचा नाही हा नियम २००० सालापासून आहे, अभयारण्यात कचरा टाकायला १९७२ च्या वन्यजीव कायद्यातच बंदी आहे. पण रात्री एक वाजता, मोबाईलला रेंज नसताना, हे कोण कोणाला सांगणार? म्हणून कॉटेजवाल्यांना माझं म्हणणं आहे की बुकिंगच्या वेळीच सांगून टाका, स्पीकर आणायचाच नाही, दहाच्या आधी पण नाही. शेकोटी बंद, आग फक्त चुलीत. कचऱ्यासाठी डिपॉझिट घ्या, पिशवी परत दाखवली की परत द्या. आणि काकांसारख्या माणसाला नाही म्हणायचा हक्क द्या, मालक त्यांच्या पाठीशी आहे हे पाहुण्यांना येण्याआधीच कळू दे.

शेकोटीवर पाणी ओतून आणि दोन गोणी कचरा डिकीत घालून आम्ही मडगावला आलो. काकांनी दसऱ्यानंतर परत बोलावलंय, तेव्हा व्हाळांना पाणी असतं म्हणे. आम्ही जाणार आहोत, तोपर्यंत निदान एक बोर्ड तरी त्या ओसरीवर लागू दे.

- एक वाचक, मडगाव