बाबांचे वाक्य पुरे होऊ देणाऱ्या पाळकसाहेबांस

आदरणीय पाळकसाहेब,

प्रभूच्या नावाने सलाम.

बाबा गेले तेव्हा पऱ्हाटी पात्याफुलांवर होती; आता पहिली वेचणी सुरू झाली आहे, तरी आपले आभार मानायचे राहूनच गेले. हे पत्र उघडपणे लिहितो आहे, कारण ख्रिस्ताची सुवार्ता सांगणाऱ्यांविषयी आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत जे बोलले जाते, त्यात आपल्यासारख्यांचा उल्लेख क्वचितच येतो.

लकव्याने बाबांची उजवी बाजू गेली आणि वाचा अडखळू लागली, तेव्हा आपल्या आधीही काही प्रचारक येऊन गेले होते. बाजेजवळ उभ्यानेच त्यांनी मोठ्या आवाजात प्रार्थना केली, गळ्यातली तुळशीची माळ काढली तर आजार उतरेल असे आईला सांगितले, आणि माळ निघत नाही हे दिसल्यावर पुन्हा फिरकले नाहीत. आजारी माणसाच्या भीतीवर मांडलेला सौदा म्हणजे सुवार्ता नव्हे, हे मी ख्रिस्ती मंडळीचा सभासद म्हणूनच लिहितो. आईचा त्या वेळचा चेहरा आठवला की आजही संताप येतो.

आपण आलात ते बाबांची परवानगी विचारून बसलात. पिशवीतले पवित्र शास्त्र पिशवीतच होते. बाबा काही सांगू पाहत होते, एकेका शब्दावर अडत होते, आणि येणारे-जाणारे सगळे करायचे तसे आम्ही ते वाक्य त्यांच्यासाठी पुरे करायला निघालो, पाणी हवे का, कूस बदलायची का. तेव्हा आपण नुसता हात वर करून आम्हाला थांबवले. मग कितीतरी वेळ आपण त्यांच्याकडे पाहत राहिलात, एकही शब्द त्यांच्या तोंडी न घालता. अखेर बाबांचे वाक्य पुरे झाले: ‘तुमच्या देवाला रडू येते का?’ आजारानंतर त्यांनी स्वतःचे असे विचारलेले ते पहिलेच काही होते. त्यानंतरच आपण पुस्तक उघडले आणि योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय वाचलात, मित्र लाजर मेल्यावर त्याच्या कबरेकडे जाताना येशू रडला तो. ते वचन बाबांनी पुन्हा वाचायला लावले.

‘जाऊन सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा’ ही मत्तयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातील आज्ञा मी लहानपणापासून नव्हे, पण मंडळीत आल्यापासून ऐकत आहे. तिच्यातील ‘जा’ सर्वांना पाठ असते. पवित्र शास्त्रातल्याच प्रेषितांच्या कृत्यांत मात्र सुवार्ता सांगणारा फिलिप्प आफ्रिकेतल्या कूश देशाच्या एका अधिकाऱ्याच्या रथाजवळ जाऊन आधी प्रश्न विचारतो आणि त्याने विनंती केल्यावरच रथात चढून बसतो. पेत्रही आपल्या पहिल्या पत्रात, आशेचे कारण विचारणाऱ्याला सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्यावे, असेच लिहितो. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांना राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी प्रवाशाने नवा करार दिला होता; वाचणे, झगडणे, पारखणे हे मात्र टिळकांनी स्वतः केले, आणि १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. आपल्या संविधानाचा २५वा अनुच्छेद धर्मप्रसाराचा हक्क देतो, आणि त्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली सांगितले. आपल्याला थांबायला मात्र कायद्याची गरज नव्हती. समोरच्या माणसाचा मान हेच कारण पुरेसे होते.

बाबांनी बाप्तिस्मा घेतला नाही. माळ शेवटपर्यंत गळ्यात राहिली, आणि आपणही शेवटपर्यंत येत राहिलात, त्यांच्या अंत्ययात्रेत टाळकऱ्यांच्या मागे अनवाणी चाललात. गावातल्या वारकरी मंडळींनी आपल्याला पुढे बोलावून घेतले, हे मी कधी विसरणार नाही.

आता एक विनंती. शेजारच्या वस्तीवरील एका आजोबांना दृष्टी नाही. बाबांना आपण काय वाचून दाखवत होता, हे त्यांना ऐकायचे आहे आणि त्यांनी मला बोलावले आहे. वेचणीतून सवड मिळताच मी जाणार आहे. पहिल्या वेळी आपण सोबत यावे.

आपला ऋणी,
मंडळीतील एक शेतकरी