पानी प्रोफेसर, तिसऱ्या रकान्याबद्दल आभार

प्रिय पानी प्रोफेसर,

‘पानी’ म्हणजे पोलिशमध्ये बाई. वर्गातले सगळे शाळेतल्या सवयीनं तुम्हाला असंच म्हणतात, म्हणून मीही. हे पत्र तुम्हाला पोलिशमध्ये वाचून दाखवेनच, पण लिहितेय मराठीत. माझ्यासारख्या मराठी माध्यमातून आलेल्या कुणाच्या तरी ते हाती पडावं, असं फार वाटतं.

तुमच्या इंग्रजीच्या वर्गात आले तेव्हा मी खचलेली होते. ऑफिसात एकानं ‘शुक्रवारी माझ्यासाठी फिल इन करशील का?’ असं विचारलं आणि मी फॉर्मची वाट बघत बसले. त्याला हवं होतं, मी त्याच्या जागी काम करावं. त्या दिवशी खाल्लेली बोलणी अजून आठवतात. नंतर अशा फ्रेझल व्हर्ब्जच्या, म्हणजे इन-आउट-अप असा छोटा शब्द लागून अर्थ बदलणाऱ्या क्रियापदांच्या, याद्या घोकल्या, पण आठवड्याभरात सगळं पुसलं जायचं.

व्रोत्सवाफच्या त्या वर्गात बाकी सगळे पोलिश, आणि तेही तिथेच अडत होते. तुम्ही फळ्यावर एक घर काढलंत, दारातून बाण काढलेत. ‘इश्च’ म्हणजे जाणं. वेय्श्च, आत जाणं. विय्श्च, बाहेर जाणं. ओदेय्श्च, निघून जाणं. मग म्हणालात, तुम्ही जो तुकडा क्रियापदाच्या आधी चिकटवता, तो इंग्रज सुटा करून मागे ठेवतो: गो इन, गो आउट, गो अवे. ‘पुट ऑफ’, म्हणजे पुढे ढकलणं, तर हुबेहूब ‘ओदवोझिच’! पण ‘गिव्ह अप’ला माझ्या शेजारचे आजोबा वैतागले. पोलिशमध्ये हार मानताना ‘पोद्दाच’, म्हणजे खाली देतात. इंग्रज वर का देतो? तिथे तुम्ही खोटं कारण रचलं नाहीत. हे पाठच करावं लागेल, असं सरळ सांगितलंत. त्या प्रामाणिकपणाचेही आभार.

आणि मग माझ्याकडे वळून विचारलंत, “तुमच्या भाषेत काय म्हणतात?”

इंग्रजी शिकताना मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मराठी बाहेर ठेवूनच वर्गात यायचं, हीच शिकवण होती. फळ्यावर ‘ड्रिंक अप’ होतं, शेजारी ‘विपिच’. मी म्हटलं, “पिऊन टाक.” तुम्ही तिसरा रकाना आखलात. ‘ईट अप’, ‘झ्येश्च’, ‘खाऊन टाक’. काम पुरं झालं हे सांगायला इंग्रजीला ‘अप’ लागतो, पोलिशला आधीचा तुकडा, आम्हाला ‘टाक’. मला ते त्या क्षणी कळलं, घोकावं लागलं नाही. पोलिश ‘पिच’ आणि आपलं ‘पिणं’, ‘दाच’ आणि ‘देणं’ एकाच मुळातले, हेही तुम्हीच दाखवलंत.

आमच्या चुकाही सारख्याच निघाल्या. ‘पाच वर्षांपासून इथे राहते’ याचं दोघंही ‘आय लिव्ह हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ करणार. ‘मेक’ आणि ‘डू’ दोन्हींना त्यांचं एक ‘रोबिच’, आपलं एक ‘करणं’.

मी कोल्हापूरची म्हटल्यावर तुम्ही लगेच ‘वळिवडे’ म्हणालात. १९४३ ते १९४८ या काळात पाचेक हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका-मुलं, तिथल्या छावणीत राहिली होती. आमच्या गावानं तुमच्या माणसांना जागा दिली होती, तशी तुम्ही फळ्यावर माझ्या भाषेला दिलीत.

वहीतला तिसरा रकाना आता खालपर्यंत भरलाय. मंगळवारी ‘टेक आफ्टर’ घेणार आहात ना? उत्तर तयार आहे: आईच्या वळणावर जाणं.

तुमची,
मागच्या बाकावरची कोल्हापूरकर