मुलांच्या भिशीत मोठ्यांचा हात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

३० ऑक्टोबरला बचत दिन झाला, त्या निमित्ताने मुलांना बचतीची सवय कशी लावावी यावर सगळीकडे बरंच लिहून आलं. मी कऱ्हाड तालुक्यात किराणा दुकान चालवतो, २२ वर्षं झाली, दिवसभर गल्ल्यावर बसून लहान पोरांचाच व्यवहार जास्त बघतो. तर मला वाटतं पोरांना बचत शिकवायची फारशी गरज नाही, ती करतातच, मोडतो आपण मोठे.

दिवाळी झाल्यावर सोमवारी पाचवीतला एक पोरगा श्रीखंडाचा रिकामा डबा घेऊन आला, आत सगळी नाणी, दहाची, पाचची, दोनची, भाऊबीजेची आणि वर्षभर साठवलेली मिळून ६४० रुपये. म्हणाला काका नोटा देता का. म्हटलं अरे बँकेत टाक की. तर तिथूनच आला होता. काउंटरवरच्यांनी सांगितलं एवढी चिल्लर मोजायला वेळ नाही, नोटा करून आण. आईसोबत गेला होता तरी. त्याआधी स्टेशनरीच्या दुकानात रंगपेटी घ्यायला गेला तर तिथं दहाचं नाणं चालत नाही म्हणून परत पाठवला. आता दहाच्या नाण्याचं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्येच सांगितलंय की १४ वेगवेगळ्या डिझाइनची नाणी आहेत आणि सगळी चालतात, रुपयाचं चिन्ह असो नसो. तरी आमच्या पेठेत अजून 'ते डुप्लिकेट असतंय' चालूच आहे. मी मोजून नोटा दिल्या, मला सुट्ट्याची गरज असतेच त्यामुळे त्यात उपकार काही नाही, पण त्या पोराचं तोंड बघवत नव्हतं हो. वर्षभर साठवलेले पैसे आणि ते दोन ठिकाणी पैसेच नाहीत म्हणून परत केलेले.

दुसरं म्हणजे ते स्कॅनर. आई घरून फोन देऊन पाठवते, पासवर्ड पोराला पाठ, एक साखर किलो आणि त्याच्यासोबत कुरकुरे, चॉकलेट, अजून काहीतरी, सगळं एकत्र टुंग वाजतं. हातात पन्नासची नोट असली की तेच पोर काचेच्या बरण्यांपुढं पाच मिनिटं उभं राहतं, हे घेतलं तर ते येत नाही, मग एक बरणीत परत ठेवतं. फोन असला की परत ठेवणं नाही. माझा धंदा खरंतर त्यातच जास्त होतो, पण दिसतं ते लिहिलं.

आमच्या वेळी शाळेत संचयिका होती. शनिवारी बाई वही काढायच्या, आठाणे, रुपया, जे असेल ते आणि त्यापुढं सही. वहीत आकडा वाढलेला बघायला मजा यायची, रक्कम किरकोळच. आता दहा वर्षांवरच्या मुलाला बँकेत स्वतःचं खातं उघडून स्वतः चालवता येतं, पोस्टात तर ५०० रुपयांत बचत खातं निघतं, पण किती पालकांना माहीत आहे? मुलीसाठी सुकन्या काढतात, चांगलीच योजना आहे, २५० पासून सुरू होते, पण ती आईबाबांची बचत झाली, त्यात त्या मुलीला काय कळतंय. तिच्या हातात पासबुक द्या, महिन्यातून एकदा पोस्टात पाठवा, स्लिप तिला भरू द्या, चुकली तर चुकली.

आता स्वतःचं सांगतो म्हणजे नुसता उपदेश नको. २०१६ ला ८ नोव्हेंबरच्या रात्री नोटाबंदी झाली आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानात सगळे जुनी पाचशेची घेऊन उभे, सुट्टे कोणाकडेच नाहीत. माझी मुलगी तेव्हा तिसरीत. तिची भिशी होती (बायकांची भिशी नव्हे, जत्रेतली मातीची), आजी रोज एक नाणं द्यायची ते तिच्यात. मी काय केलं, रात्री ती झोपल्यावर भिशी उलटी धरली, फटीत सुरी घातली आणि पात्यावरून एकेक नाणं घरंगळत काढलं. ३४० रुपये निघाले. फोडली नाही, म्हणजे कळायला नको. आठवड्यात परत टाकू म्हटलं होतं. राहिलं ते राहिलंच.

तिनं उचलली तेव्हा वजनावरून लगेच कळलं तिला. रडली नाही, काही बोलली पण नाही, फक्त पुढच्या जत्रेत भिशी मागितली नाही आणि आजीचं नाणं मिळालं की सरळ माझ्याच दुकानात येऊन गोळ्या घ्यायला लागली. आम्ही तिला थेंबे थेंबे तळे साचे म्हणत राहिलो.

आता ती बारावीत आहे. त्या पोराचा डबा मोजून झाल्यावर त्याच रात्री मी तिला ३४० रुपये दिले, कशाचे ते सांगावं लागलं नाही. तिनं मोजून घेतले आणि म्हणाली, नऊ वर्षांचं व्याज? पोस्टाच्या ४ टक्क्यांनी हिशोब तिनंच केला, कॅल्क्युलेटर माझाच घेऊन.

आपला,
एक किराणा दुकानदार, ता. कऱ्हाड